टकळी, खराटा आणि पुढारपण : वर्ध्यातील कार्यकर्त्यांची घडण

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वर्धा जिल्ह्यात ज्या विधायक संस्था उभ्या राहिल्या, म्हणजे सत्याग्रहाच्या जोडीने खादी, ग्रामोद्योग, सफाई, गोसेवा आणि शिक्षण ही कामे ज्यांनी अंगावर घेतली, त्या संस्थांत ‘कार्यकर्ता’ या शब्दाला जे वजन होते ते ‘पुढारी’ या शब्दाला कधीच लाभले नाही. कारण जे काम दुसऱ्याकडून करवून घ्यायचे ते आधी स्वतःच्या हाताला साधले पाहिजे, ही तेथील नेतृत्वाची पहिली अट होती.

या अटीचा सर्वांत बोलका दाखला १९४० सालचा आहे. वैयक्तिक सत्याग्रहासाठी गांधींनी पहिला सत्याग्रही म्हणून विनोबा भावे यांची निवड केली आणि १७ ऑक्टोबर रोजी पवनार येथे सत्याग्रहाला आरंभ झाला, तेव्हा देशातील बहुसंख्य लोकांना हे नाव परिचयाचे नव्हते. म्हणून गांधींनी ‘हरिजन’ साप्ताहिकात त्यांचा परिचय करून दिला. राजकीय लढ्याचा अग्रणी म्हणून ज्याला पुढे करायचे त्याची ओळख व्याख्यानांनी किंवा पदांनी होईल अशी वाचकाची अपेक्षा असावी. त्या लेखात मात्र संस्कृतच्या अध्ययनाबरोबरच भंगीकामापासून स्वयंपाकापर्यंत आश्रमातील प्रत्येक कामात विनोबांनी घेतलेला वाटा येतो, आणि टकळीवरील सूतकताईत त्यांनी घडवून आणलेल्या क्रांतीला तर मानाचे स्थान मिळते. टकळी म्हणजे चकतीत बसवलेली बारीक सळई. डाव्या हातात पेळू धरून उजव्या हाताच्या चिमटीने तिला फिरकी द्यायची, सुताला पीळ बसला की ते सळईवर गुंडाळायचे, आणि असे चार-चार फुटांचे ६४० तार भरले की एक गुंडी होते. यात घाई केली तर सूत तुटते, आणि देखरेख करणाऱ्यालाच ते येत नसेल तर शिकणाऱ्याच्या लगेच लक्षात येते. उद्योगपती जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून ८ एप्रिल १९२१ रोजी वर्ध्यात आलेल्या विनोबांनी पुढे वर्ध्याजवळील नालवाडीत तासन्‌तास कातून, कातणाऱ्याला मिळणाऱ्या मजुरीत पोट भरते का, हे स्वतःवरच ताडून पाहिले. त्याच परिचयलेखात त्यांच्या एका सहकाऱ्याचाही उल्लेख आहे, ज्याने वैद्यकाचा गंध नसताना कुष्ठरोगावरील उपचार आत्मसात केले. हे मनोहर दिवाण होत. वर्ध्याजवळील दत्तपूरचे कुष्ठसेवेचे काम १९३६ पासून त्यांनी उभे केले. आपल्या हाताखालचा माणूस आपल्याला न येणाऱ्या विद्येत तयार व्हावा, ही नेतृत्वाची कसोटी कताईपेक्षाही अवघड म्हणावी लागेल.

वर्ध्यातील मगनवाडी, म्हणजे ग्रामोद्योग संघाचे ठाणे, येथील शिस्त निराळ्या वळणाची होती. डिसेंबर १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे सूत्रधार जे. सी. कुमारप्पा हे लंडनमध्ये शिकलेले हिशेबतपासनीस होते. त्याच वर्षी बिहारच्या भूकंपनिधीचा हिशेब सांभाळताना गांधींच्या सोबतच्या मंडळींचा खर्च त्या निधीतून देण्यास त्यांनी नकार दिला होता. अशा माणसाच्या हाती संघाचा कारभार सोपवण्यात गांधींनी अनमान केला नाही, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. घाणीपासून भातसडीपर्यंतची कामे शिकवून ग्रामसेवक तयार करणारे विद्यालयही मगनवाडीत चाले. (येथे घाणी म्हणजे तेलाची, हे आजच्या वाचकाला सांगितलेले बरे.)

स्वतः केले की लोक करू लागतात, हा हिशेब मात्र दरवेळी जुळला नाही. वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी गावात (सिंदी रेल्वे हे वेगळे गाव) १९३५ च्या सुमारास मगनवाडीची मंडळी खराटे आणि बादल्या घेऊन मैला उचलण्यास जात असत, तरी गावाची सवय काही सहजासहजी मोडली नाही. या सर्व संस्थांची जमीन, इमारती आणि पैसा यांचा मोठा भार जमनालालजींवर होता, ही बाजूही गौरवग्रंथांत झाकली जाते. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी त्यांचे निधन झाले तेव्हा केवळ स्वावलंबनावर संस्था किती तग धरतील हा प्रश्न उघडा पडला.

पुढे विनोबांनी नेतृत्व या कल्पनेलाच बाजूला सारून ‘गणसेवकत्व’ हा शब्द रूढ करण्याचा प्रयत्न केला. एकाने पुढे चालावे आणि इतरांनी मागे यावे याऐवजी समूहाने मिळून विचार करावा व मिळून सेवा करावी, असा त्याचा अर्थ. २५ मार्च १९५९ रोजी पवनारला धाम नदीच्या काठी ब्रह्मविद्या मंदिर सुरू झाले ते याच धोरणावर: भगिनींचा हा आश्रम, शेतीपासून स्वयंपाकघरापर्यंतची कामे आपसांत वाटून घ्यायची, आणि निर्णय बहुमताने न घेता सर्वसंमतीने घ्यायचा. अर्थात खुद्द विनोबा तेथे वास्तव्यास असताना त्यांच्या शब्दाचे वजन इतरांच्या शब्दाएवढेच होते असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी ते गेले. त्यांच्या जागी आश्रमाने कोणी प्रमुख नेमला नाही.