अरण्याची श्रवणविद्या

गोंदियाहून चांद्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर सौंदड हे गाव लागते. त्याच्या उत्तरेस नागझिऱ्याचे आणि दक्षिणेस नवेगावबांधचे अरण्य आहे. या मुलखातील गोंड, कोहळी व ढिवर मंडळी पशुपक्षी ओळखतात ती केवळ डोळ्यांनी नव्हे, तर कानांनीही. मात्र या श्रवणविद्येचा ग्रंथांत प्रवेश फार उशिरा झाला.

डोळा कसा फसतो, हे पावशा पक्ष्यावरून कळते. रंगाने व उड्डाणाने तो शिक्र्यासारखा भासतो. लहान पाखरेही त्यास पाहून भेदरतात. परंतु पावसाळ्याच्या तोंडी ‘पेरते व्हा’ ही साद उठली की शेतकऱ्याच्या पोरासही संशय उरत नाही. झुडपातून क्षणमात्र दिसलेले भेकर आणि चौसिंगा यांत गल्लत होते. भेकर कुत्र्यासारखे भुंकले की ती फिटते. चितळ लहानसहान भीतीनेही ओरडते. सांबर मात्र सहसा उगाच ओरडत नाही, म्हणून त्याची हाक ऐकताच जाणता वाटाड्या पाऊल रोखतो.

शास्त्रीय अभ्यासाची वाट निराळी होती. जेर्डन यांचा हिंदुस्थानातील पक्ष्यांवरील ग्रंथ १८६२ ते १८६४ या काळात निघाला व त्यात पक्ष्यांची देशी नावेही नोंदली गेली. १८८३ साली मुंबईत ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’ स्थापन झाली. १९४१ साली सालिम अलींचे सचित्र पुस्तक सामान्य वाचकांच्या हाती आले. तथापि हे सारे लेखन इंग्रजीत होते. शिवाय जुन्या अभ्यासाचा भर संग्रहालयातील नमुन्यांवर असे. आणि बंदुकीने पाडलेल्या पाखराच्या कातड्यास रंग असतो, कंठ नसतो.

ही उणीव मराठीत भरून काढण्याचे मोठे श्रेय मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांचे. वनाधिकारी म्हणून नवेगावबांधास असता त्यांनी माधवराव पाटील डोंगरवार यांच्यासारख्या जाणत्यांचे व वनवासी जनांचे शिष्यत्व आनंदाने पत्करले. त्यांच्या ‘पक्षिकोशा’त लोकांच्या तोंडची नावे सन्मानाने नांदतात.

नवेगाव १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झाले. २०१३ साली दोन्ही अरण्ये मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. कायद्याने वन राखता येते. ऐकणारा कान राखता येत नाही. तो वडीलधाऱ्यांकडून मुलांकडेच जावा लागतो. ज्या घरातील मुलास पावशाची हाक ठाऊक नाही, त्या घरापुरता तो पक्षी नाहीसाच झाला म्हणावयाचा.