हरणांचा आकार प्रदेशागणिक का बदलतो?

पांढऱ्या शेपटीचे हरीण ही अमेरिका खंडात दूरवर पसरलेली जात. कॅनडाच्या दक्षिण भागात आणि अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत या जातीचा पूर्ण वाढलेला नर शंभर किलोंच्या पुढे सहज जातो. फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाजवळील की बेटांवर राहणारा त्याचाच भाऊबंद मात्र २५ ते ३४ किलोंच्या दरम्यान थांबतो. खांद्यापाशी त्याची उंची जेमतेम दोन ते अडीच फूट, म्हणजे मोठ्या कुत्र्याएवढीच. जात एक असताना एवढी तफावत कशी पडते, या प्रश्नाने प्राणिशास्त्रज्ञांना दीड शतकाहून अधिक काळ गुंतवून ठेवले आहे.

सर्वांत जुने उत्तर थंडीचे आहे. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल बर्गमन यांनी १८४७ मध्ये असे मांडले, की उष्ण रक्ताचे प्राणी थंड प्रदेशांत आकाराने मोठे असतात. शरीर जेवढे मोठे, तेवढे वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ कमी आणि त्यामुळे बाहेर निसटणारी उष्णताही कमी, असा त्यामागचा तर्क. नियम समजायला सोपा असल्याने तो सर्वतोमुखी झाला. हरणांच्या बाबतीत मात्र तो अर्ध्या वाटेत साथ सोडतो. कॅनडातील जीवशास्त्रज्ञ व्हॅलेरियस गाइस्ट यांनी १९८७ मध्ये दाखवून दिले, की उत्तरेकडे जाताना प्राण्यांचा आकार साधारण ५३ ते ६५ अंश अक्षांशांपर्यंत वाढत जातो आणि त्यापुढे थंडी वाढत असूनही घटू लागतो. उत्तर ध्रुवालगतच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातील रेनडिअर मुख्य भूमीवरील आपल्या जातभाईंपेक्षा ठेंगणे आहेत. केवळ थंडीवरच सारे अवलंबून असते, तर ते सर्वांत मोठे असायला हवे होते.

गाइस्ट यांच्या मते खरा हिशेब चाऱ्याचा आहे. कोवळा, प्रथिनयुक्त चारा वर्षातून किती दिवस मिळतो आणि तो किती तोंडांत वाटला जातो, यावर वाढ ठरते. समशीतोष्ण पट्ट्यात वसंतापासून शरदापर्यंत हा काळ लांबतो. ध्रुवाजवळ तो काही आठवड्यांत आटोपतो. चारा मुबलक, पण हरणेच फार झाली, तरी परिणाम तोच. स्वालबार्डमध्ये १९९४ साली जन्मलेली रेनडिअर प्रौढपणी सरासरी ५५ किलोंची झाली, तर २०१० साली जन्मलेली ४८ किलोंचीच. उन्हाळे उबदार झाल्याने कळप वाढले आणि हिवाळ्यात बर्फावर पाऊस पडून तो गोठू लागल्याने खालचे गवत बंद पेटीत ठेवल्यासारखे झाले, असे संशोधकांचे स्पष्टीकरण आहे. उलट उदाहरण न्यूझीलंडचे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमधून तेथे तांबडी हरणे नेऊन सोडण्यात आली. या जातीला स्कॉटलंडच्या उघड्या, निकृष्ट माळांवर खुरटे राहावे लागते. न्यूझीलंडच्या अस्पर्श वनांत मात्र ती चांगलीच धिप्पाड झाली. पुढे कळप वाढले, झाडोरा संपत आला, तशी ही भरही ओसरली.

मग आनुवंशिकतेचे काय? या बाबतीत अमेरिकेच्या साउथ डकोटा राज्यातील प्रयोग विशेष बोलका आहे. राज्याच्या पश्चिमेकडील ब्लॅक हिल्स डोंगरात हरणे लहान, तर पूर्वेकडील शेतीच्या सपाटीवर मोठी. दोन्हीकडच्या हरणांना बंदिस्त ठेवून एकच सकस खाद्य देण्यात आले. ब्लॅक हिल्सच्या जंगलात वाढलेल्या माद्यांच्या पोटी जन्मलेले नर उत्तम खाद्य मिळूनही लहानच राहिले. पुढच्या पिढीतील नरांनी मात्र पूर्वेकडील नरांची बरोबरी गाठली. हे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. आईने सोसलेली उपासमार पाडसाच्या अंगी उतरते आणि ती फिटायला एक पिढी जावी लागते, असा त्याचा अर्थ. शिंगांच्या हौसेपायी बाहेरून धिप्पाड नर आणून सोडण्यापेक्षा कळप आटोपशीर ठेवणे अधिक फलदायी, हे यावरून उघड व्हावे. शिवाय हरणांच्या अशा वाहतुकीबरोबर मेंदू पोखरणारा, असाध्य ‘क्रॉनिक वेस्टिंग’ रोगही पसरण्याचा धोका असतोच.

अर्थात पिढ्यान् पिढ्या एकच परिस्थिती राहिली, तर बदल रक्तात मुरतो. बेटांवर तो झपाट्याने घडतो. इंग्लिश खाडीतील जर्सी बेट सुमारे सव्वा लाख वर्षांपूर्वी समुद्र वाढून मुख्य भूमीपासून तुटले, तेव्हा तेथील तांबडी हरणे सहा हजार वर्षांहून कमी काळात मूळ वजनाच्या सहाव्या हिश्श्यावर आली. हे एड्रियन लिस्टर यांनी १९८९ मध्ये जीवाश्मांवरून दाखवले. की बेटांवरील हरणांची कथाही त्याच वळणाची आहे. हिमयुग सरल्यावर पाणी चढले, जागा तुटपुंजी राहिली, गोडे पाणी मोजक्या खळग्यांत साचले. अशा ठिकाणी थोडक्यात भागवणारे शरीरच टिकते.

हा लहानपणा त्यांना माणसापासून वाचवू शकला नाही. शिकारीमुळे १९५०च्या दशकात ही हरणे काही डझनांवर आली होती. १९५७ मध्ये त्यांच्यासाठी अभयारण्य स्थापन झाल्यानंतर संख्या सावरली. २०१६ मध्ये जिवंत मांस खाणाऱ्या स्क्रूवर्म माशीच्या अळ्यांमुळे १३० हून अधिक हरणे दगावली. आता समुद्राची पातळी पुन्हा वाढत आहे आणि ज्या खळग्यांतील गोड्या पाण्यावर ती जगतात, त्यांत खारे पाणी शिरू लागले आहे.