लेकरांना घेऊन एका दिवसाची सहल : सोलापूर जिल्ह्यात कुठं जावं, कधी जावं आणि काय सांभाळावं

सोलापूर : जिल्ह्यात बघण्यासारखं काय आहे असं कुणी विचारलं की पंढरपूर, अक्कलकोट, सोलापूरचं सिद्धेश्वर मंदिर ही नावं पुढं येतात. दर्शन झालं, प्रसाद घेतला, गाडी परत घराकडं. जरा पैसे असले तर वॉटर पार्क. पण चार-पाच वर्षांच्या लेकराला रांगेत तीन तास उभं केल्यावर त्याच्या लक्षात काय राहतं, हे ज्याचं त्यानं आठवून बघावं.

आपला जिल्हा कोरडा, इथं डोंगर नाही, धबधबा नाही, जंगल नाही, म्हणून निसर्ग बघायला कोकणात नाहीतर महाबळेश्वरला जावं लागतं, हा समज जुना आहे आणि चुकीचा आहे. इथं माळ आहे, धरणाचं पाणी आहे, नदीचा संगम आहे आणि ज्वारीचं रान आहे. सकाळी घरची भाकरी बांधून निघालं तर दिवे लागणीला परत येता येतं. फक्त महिना आणि वेळ बरोबर धरावी लागते.

नान्नजचा माळ

सोलापूर-बार्शी रस्त्यावर, शहरापासून साधारण २०-२२ किलोमीटरवर नान्नज आहे. इथलं माळढोक पक्षी अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झालं. सुरुवातीला कागदावर त्याचं क्षेत्र साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास होतं, त्यात सोलापूर आणि नगर जिल्ह्यातली शेकडो गावं आली. लोकांना जमिनीचे व्यवहार करता येईनात, तक्रारी वाढल्या आणि पुढं ते सव्वाबाराशे चौरस किलोमीटरपर्यंत कमी झालं. अभयारण्य म्हणजे शेतकऱ्याच्या डोक्याला ताप, हे मत या भागात अजून ऐकायला मिळतं आणि त्यामागं असा इतिहास आहे.

ज्याच्यासाठी हे सगळं झालं तो माळढोक आता दिसणं म्हणजे नशीब. मीटरभर उंच, नर पंधरा किलोपर्यंत वजनाचा, उडू शकणाऱ्या सगळ्यांत जड पक्ष्यांपैकी एक. मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. कुत्रं, कोल्हा, शेळ्या-मेंढ्यांचा पाय, कशानंही ते जातं. माळ नांगरून ऊस आणि द्राक्षं आली, विजेच्या तारा आल्या, आणि पक्षी कमी होत गेला. देशभरात तो आता दीडशेच्या आसपासच राहिला आहे आणि त्यातले बहुतेक राजस्थानात आहेत. गावातल्या साठीच्या पुढच्या माणसांनी तो आपल्या रानात बघितलेला असतो. नातवांना मात्र कमानीवरचं चित्र दाखवावं लागतं. त्यामुळं माळढोक दाखवतो म्हणून पोरांना नेऊ नये, ती रुसून परत येतील.

नेण्यासारखं दुसरं पुष्कळ आहे. सगळ्यांत खात्रीचं म्हणजे काळवीट. नर वरून काळा, पोट पांढरं, पिळाची शिंगं. मादी तांबूस आणि बिनशिंगी. कळप बिचकला की एकापाठोपाठ एक उंच उड्या मारत पळतो. ताशी ७०-८० किलोमीटरचा त्यांचा वेग मोटारसायकलवरून आलेल्या पोराला बरोबर कळतो. शेतात घुसलेलं काळवीट हाकलणारा बाप आणि माळावर ते बघून टाळ्या वाजवणारी पोरगी, दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. पिकाची नासाडी झाली तर वन विभागाकडं भरपाईचा अर्ज करता येतो.

टिटवी, चंडोल, तित्तर, पळतच सुटणारा धाविक आणि थंडीत गवतावरून तरंगत जाणारा भोवत्या हे पक्षी लक्ष ठेवलं तर दिसतात. लांडगा आणि खोकडही याच माळावर राहतात, पण दिवसा दिसतीलच असं नाही. पाऊलखुणा मात्र ओल्या वाटेवर सापडतात आणि कुत्र्याचं पाऊल की लांडग्याचं, यावर अर्धा तास सहज जातो.

जायचं तर उजाडताना. दहा वाजल्यानंतर माळावर काहीच हलत नाही आणि सावलीला झाडही नसतं. पावसाळा संपताना गवत कमरेएवढं असतं, तेव्हा छोट्या पोरांना काही दिसत नाही; डिसेंबर ते फेब्रुवारी हे महिने चांगले. प्रवेशाची वेळ आणि फी आधी वन विभागाच्या नान्नज कार्यालयात विचारावी, आखून दिलेली वाट सोडू नये. परतताना जवळच मार्डीला यमाईचं दर्शन होतं, म्हणजे घरातल्या आजीचीही तक्रार राहत नाही.

उजनीचं पाणी

भीमेवरचं उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. धरण माढा तालुक्यात, पण पाणी पसरलं करमाळा, इंदापूर, दौंड, कर्जतपर्यंत. याच पाण्याच्या कडेला हिवाळ्यात रोहित म्हणजे फ्लेमिंगो येतात. भिगवण, कुंभारगाव, डिकसळ ही पुणे जिल्ह्यातली गावं त्यासाठी प्रसिद्ध झाली, पण करमाळ्याच्या बाजूनंही, केत्तूर, वाशिंबे, कुगाव या पट्ट्यात, तेच पाणी आहे आणि तेच पक्षी आहेत. पुणे-सोलापूर रेल्वेची पारेवाडी, वाशिंबे, जेऊर ही स्टेशनं जवळ असल्यानं गाडी नसलेल्या घरालाही जाता येतं. लहान पोरांना तर रेल्वे हीच अर्धी सहल.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. धरण काठोकाठ भरलेलं असेल तर रोहित लवकर येत नाहीत. त्यांना हवी असते उथळ पाण्यातली चिखलाची पट्टी. पाणी ओसरून ती उघडी पडली की थवे उतरतात. म्हणून भरपूर पावसाच्या वर्षी दिवाळीत जाऊन उपयोग नाही. जानेवारीच्या शेवटापासून मार्चपर्यंत थांबावं. निघण्याआधी तिकडच्या पाहुण्याला नाहीतर मासेमाराला एक फोन करावा.

पोरांना सांगण्यासारखं इथं खूप आहे. रोहित चोच उलटी करून पाण्यात घालतो आणि चिखलमिश्रित पाणी गाळून त्यातलं शेवाळ, बारीक किडे खातो. त्याचा गुलाबी रंग या खाण्यातून येतो. पिल्लू जन्मतं तेव्हा राखाडी असतं. त्याचा गुडघा मागं वळतो असं वाटतं, पण तो गुडघा नसून घोटा असतो. खरा गुडघा वर पंखात झाकलेला असतो. हे ऐकल्यावर पोरं आधी स्वतःचा घोटा बघतात. चित्रबलाक, चमचा, राखी बगळा आणि हिमालय ओलांडून येणारा पट्टकादंब हंसही याच पाण्यावर दिसतो.

आजोबा बरोबर असतील तर त्यांना बोलू द्यावं. या पाण्याखाली कुणाचं तरी गाव आहे, वाडा आहे, विहीर आहे. पाणी तळाला गेलं की इंदापूर बाजूचं पळसदेवचं जुनं मंदिर उघडं पडतं. ते बघायला माणसं लांबून येतात आणि त्यातली काही मूळची तिथलीच असतात.

बोटीचा विषय मात्र गमतीवर सोडू नये. २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी कुगावहून कळाशीकडं निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा जणांचा जीव गेला. त्यात दोन लहान लेकरं होती. ती सहलीची बोट नव्हती, रोजच्या ये-जा करणाऱ्या माणसांची होती, आणि पाणी रोजचंच होतं. उजनीचा पसारा इतका मोठा आहे की वारा सुटला की लाटा उठतात. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळवाचं वारं कधी येईल सांगता येत नाही. म्हणून पक्षी बघायला बोट घ्यायची तर सकाळीच घ्यावी. प्रत्येकाच्या अंगात लाईफ जॅकेट हवं, लेकराच्या अंगात लेकराच्याच मापाचं. मोठ्याचं जॅकेट छोट्याला घातलं तर पाण्यात ते वर सरकतं आणि पोर खाली राहतं. छोट्या मापाचं नसेल तर बोटीत बसू नये. नावाडी नाराज झाला तरी चालेल, काठावरूनही पक्षी दिसतात.

जवळचं, अर्ध्या दिवसाचं

सोलापूर शहरातल्यांना आणि उत्तर सोलापूर तालुक्याला हिप्परग्याचा एकरूख तलाव जवळ पडतो. इंग्रजांच्या काळात, १८७१ मध्ये पुरा झालेला हा तलाव तुळजापूर रस्त्याला आहे. थंडीत बदकं आणि बगळे असतात. दोन-तीन वर्षांच्या पोराला एवढं पुरतं.

विजापूर रस्त्यानं दक्षिण सोलापूर तालुक्यात हत्तरसंग कुडल आहे. इथं भीमा आणि सीना मिळतात. संगमेश्वर मंदिरात शके ९४० म्हणजे १०१८ सालचा शिलालेख आहे, मराठीतल्या सगळ्यांत जुन्या लेखांपैकी एक. जवळच्या मंदिरातल्या शिवलिंगावर ३५९ मुखं कोरलेली आहेत. ती मोजायला सांगितली की पोरं तासभर एका जागी बसतात. नदीत उतरवू मात्र नये. वाळू उपशानं पात्रात जागोजागी खड्डे पडलेले असतात. वरून पाणी गुडघाभर दिसतं आणि पुढच्याच पावलाला माणूस बुडतो.

भोरड्या आणि हुरडा

गाडीला तेल घालायची गरज नाही असा एक देखावा जिल्ह्यातल्या बहुतेक गावांत आहे, तो म्हणजे भोरड्यांचा. पूर्व युरोप आणि मध्य आशियातून हे पक्षी थंडीत आपल्याकडं येतात. ज्वारीच्या कणसावर बसतात म्हणून शेतकरी गोफण घेऊन त्यांच्या मागं असतो. तेच पक्षी टोळ आणि अळ्याही खातात. सूर्य मावळायच्या आधी अर्धा तास त्यांच्या मुक्कामाच्या बाभळवनाजवळ नाहीतर तळ्याकाठी उभं राहावं. हजारो पक्षी एकदम वर उठतात, आकाशात काळा पडदा हलवावा तसा थवा वळतो, आणि अंधार पडताना झप्पकन झाडीत बसतो. शहरातली माणसं याचा व्हिडिओ काढायला येतात. गावातलं पोर मोबाईलवर तोच व्हिडिओ बघत घरात बसलेलं असतं.

त्याच दिवसांत हुरडा. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण हुरड्यासाठी गूळभेंडी, सुरती यांसारख्या जातींना मान. हल्ली माणशी पैसे घेऊन हुरडा पार्ट्या होतात. ज्याचं रान आहे त्यानं ते कशाला द्यावेत? दोन ओळी मागं ठेवाव्यात, गोवऱ्यांची आगटी पेटवावी, शेंगाचटणी, गूळ, दही घ्यावं. कणीस कोणत्या ताटाचं काढायचं हे पोरालाच निवडू द्यावं. लहानग्याला हुरडा चोळून, कुसं फुंकून, थोडा थोडाच द्यावा. आगटी लावण्याआधी झाडावर आणि विहिरीच्या काठाला आग्यामोहोळ नाही ना, हे बघावं. धुरानं मोहोळ उठलं तर पोरांना पळताही येत नाही.

पावसाळ्यातही रान रिकामं नसतं. पहिल्या पावसानंतर मखमली लाल मृगाचे किडे निघतात. जुलै-ऑगस्टमध्ये विहिरीवर वाकलेल्या बाभळीला सुगरणीचे खोपे लागतात. खोपा विणतो नर; मादी येऊन तपासते आणि पसंत पडला नाही तर नर दुसरा विणायला घेतो. खाली पडलेला जुना खोपा घरी आणायला हरकत नाही, लोंबणारा काढू नये. आणि विहिरीजवळ पोराचा हात सोडू नये.

पोरांच्या अंगानं

पाच वर्षांच्या आतलं पोर सलग अर्धा-पाऊण तास चालतं, नंतर कडेवर. त्यामुळं एका दिवसात एकच ठिकाण करावं. तीन ठिकाणं करायला गेलं की दिवस गाडीत जातो. टोपी, अंगभर सुती कपडे, चप्पल नको, बूट. पाणी वाटतं त्याच्या दुप्पट. मार्चनंतर उन्हाचा पारा चाळिशीकडं जातो, तेव्हा लहान पोरांना दुपारी माळावर नेऊच नये. कडक भाकरी, शेंगाचटणी, दशम्या टिकतात. दूध-भात उन्हात आंबतो.

माळावर दगड उचलू देऊ नये. फुरसं आणि विंचू तिथंच असतात. नाग, मण्यार, घोणसही आपल्या भागात आहेत. साप चावला तर पोराला चालवू नये, कडेवर उचलावं, चावलेला हात-पाय हलू देऊ नये, हातातलं कडं, पायातले वाळे काढावेत. दोरीनं आवळू नये, ब्लेड मारू नये, मांत्रिकाकडं वेळ घालवू नये. १०८ ला फोन लावावा किंवा मिळेल त्या गाडीनं जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यावं, आणि वाटेतच फोन करून तिथं सापाचं इंजेक्शन आहे का विचारावं. लाल विंचू चावल्यावर लेकराला दरदरून घाम, उलटी, हातपाय गार असं झालं तर तोही तेवढाच तातडीचा प्रकार आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्यावर शोधलेला औषधोपचार आता सगळीकडं वापरला जातो, पण वेळेत पोहोचावं लागतं. जखमी काळवीट किंवा पक्षी दिसला तर हात न लावता वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं.