तानसेनाच्या चिंचेखाली

डोक्याला ओलं उपरणं गुंडाळा आणि चला. दीडशे वर्षं मागं जायचंय, आणि तिथं चैत्र संपत आलाय.

उतरलात ते ग्वाल्हेरच्या लश्करात. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या पायथ्याशी छावणी टाकली. पुढं तंबू गेले, वाडे आले, नाव तेवढं छावणीचंच राहिलं. घोड्यांची लीद, तापलेली धूळ, तेलाचा खमंग वास एकदमच नाकात शिरतात. या वाड्याच्या ओसरीवर टेका जरा. आत चैत्रगौरीचं हळदीकुंकू चाललंय, बांगड्या वाजताहेत. वाटलेल्या डाळीवर किसलेली कैरी पडली, वर हिंगाची फोडणी चर्रर्र झाली. हातातलं वेलदोड्याचं पन्हं संपवा. कैरी मागच्या आमराईतली आहे. सगळी झाडं कोयीची, त्यामुळं एकाची चव दुसऱ्याला नाही. तिकडं गोव्यात पोर्तुगीजांनी कलमं बांधून हापूस कधीच घडवलाय. इथं अजून रायवळचंच राज्य. चुलीवर आमटी उकळतेय, तीत आत्ताच चिंचेचा कोळ पडला.

तिच्याच झाडाकडं निघालोय आपण.

जुन्या ग्वाल्हेरची वाट धरा. डाव्या हाताला किल्ल्याचा कडा इतका तापलाय की त्याची धग गालाला लागते. लू सुटलीय, ओठ फुटताहेत. एकदाची सूफी संत महंमद घौसांची भव्य कबर दिसते. दगडी जाळ्यांतून आत शिरणारा वारा तिथं थोडा निवतो. शेजारी छोटीशी कबर आहे, ती तानसेनाची. आणि तिच्यावर चिंच.

सावलीत शिरा. हुश्श! चिमुकल्या पानांतून ऊन चाळून खाली येतंय. खाली गर्दी आहे: अगरबत्त्या, कण्हेरीचे हार, कव्वालीची सुरावट घोळवणारे दोन म्हातारे, आणि फांदी वाकवून पाला ओरबाडणारी पोरं. हे पान चावलं की गळा गोड होतो अशी इथली श्रद्धा. इचलकरंजीकडून शेकडो कोस तुडवत गाणं शिकायला आलेली मराठी पोरंही यातली. बाळकृष्णबुवा तिकडचेच, वासुदेवबुवा जोशांकडं शिकून त्यांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात नेली. तुम्हीही कोवळा चिगूर तोंडात टाका. डोळे आपोआप मिटले ना? दात आंबले, तोंडाला पाणी सुटलं, सुकलेला घसा ओला झाला. माझ्या मते पाल्याचं माहात्म्य एवढंच, पण या उन्हात ते थोडं नाही.

आता बुंध्याला हात लावून बघा. इतकं आपलं वाटणारं हे झाड मुळात आफ्रिकेचं. तिथल्या उष्ण माळांवर चिंच रानातच उगवते. प्रवासाला तिच्याइतकं सोयीचं फळ शोधून सापडणार नाही: वाळला गर महिनोन्‌महिने टिकतो आणि चिंचोक्याचं कवच चांगलं टणक असतं. ती आपल्याकडं इतक्या पूर्वी आली की तिला परकी म्हणायचं कुणाच्या मनातही येत नाही. मांडूची गोरखचिंचही आफ्रिकेचीच. थंडीत आला असतात तर पेरू चाखवला असता. तो तर पोर्तुगीजांबरोबर अमेरिकेतून आला. या मुलखात ही झाडं कुणी जिंकून आणली नाहीत. खाणाऱ्यांनी बिया टाकल्या, कुणीतरी त्यांना पाणी घातलं, आणि आपल्या आमटीची चव ठरून गेली. मला हे फार मोलाचं वाटतं.

सावकाश परत या. डिसेंबरात तानसेन समारोहाला गेलात, तर कबरीपाशी चिंच दिसेल, पण ती नंतरची. मूळ झाड कधीच गेलं. तिचं पान तोडू नका. बाजारातून गाभुळलेली चिंच घ्या, खा, आणि मोकळ्या जागी एक चिंचोका पुरा. पहिलं बोटुक दिसायला सात-आठ वर्षं तरी लागतील, तेव्हा यंदाच्या पावसाळ्यातच पुरा.