सोन्याची कसोटी

आमच्या पिंगळीत तळपाय जळू लागले की काशाच्या वाटीने तूप चोळतात. आजीचे आम्ही वर्षानुवर्षे चोळले. ती जन्माची शाकाहारी; ब-१२ जीवनसत्त्वाचे नाव घरात कुणी ऐकले नव्हते. त्याच्या अभावी रक्तात होमोसिस्टीन हे अमिनो आम्ल साचते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, ४४१ पुरुषांपैकी निम्म्याहून अधिकांत ते वाढलेले निघाले. त्यांत खेडूत होते, तसे शहरी मध्यमवर्गीयही.

हे आम्ल हेरण्याची एक युक्ती जुन्याच प्रयोगातून निघाली आहे. १८५७ साली लंडनमध्ये फॅरडेने सोन्याचे इतके बारीक कण केले की पाणी माणकासारखे लाल दिसू लागले. मिलिमीटरचे लाख भाग करावेत, त्यांतल्या एकदोन भागांएवढे हे कण! होमोसिस्टीनमधले गंधक त्यांना चिकटते, कण एकमेकांजवळ सरकतात आणि लाल पाणी निळे पडते. अडचण एवढीच, की त्याचे भावंड सिस्टीनही हाच रंग दाखवते. मौज पाहा, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री व सहकाऱ्यांनी २००४ साली सोन्याचे त्रिकोणी सूक्ष्मकण चक्क गवती चहाच्या अर्कातून घडवले.

तळपाय जळण्याची कारणे अनेक. आजीचे हेच होते असे मी म्हणत नाही. तिच्या रक्ताचा थेंब कुणी तपासलाच नाही. वाटी अजून फडताळात आहे.