माझगावची शाळा, पेण-रोह्याची मुलं

पेणकर, रोहेकर, अष्टमकर, किहीमकर, नवगावकर. ही आडनावं ओळीनं वाचली की जुन्या कुलाबा जिल्ह्याची गावं एकेक करून डोळ्यांपुढे येतात. तेलाचे घाणे चालवणारी आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारी ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातली ज्यू माणसं. गावानं त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं. पेणला १८६३ साली त्यांचं सिनेगॉग उभं राहिलं. दहा पुरुष जमले की प्रार्थना होते. शाळेचं तसं नाही. तिला जागा लागते, मास्तर लागतात आणि दर महिन्याला त्यांचा पगार द्यावा लागतो. पेण काय किंवा रोहा काय, तिथल्या मूठभर घरांना हा खर्च पेलणारा नव्हता. म्हणून लिहिणं-वाचणं गावच्या मराठी शाळेत आणि प्रार्थनेपुरतं हिब्रू सिनेगॉगात, अशी शिक्षणाची वाटणी झाली. आजच्या हिशेबानं पाहिलं तर सर्वांत स्वस्त व्यवस्था हीच.

याआधी फुकट शिक्षणाची एक वाट मिशनऱ्यांनी काढली होती. अमेरिकन मिशनच्या शाळांत बेने इस्रायली मुलं शिकली, काही जण तिथं शिक्षकही झाले. मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं, ते याच समाजासाठी. मिशनऱ्यांना धर्मांतर हवं होतं. समाजानं हिब्रू घेतलं, मराठी बायबलातला जुना करार घेतला आणि बाप्तिस्मा बहुतेकांनी नाकारला. हा व्यवहार मला फार शहाणपणाचा वाटतो. पण आपल्या मुलांनी आपला धर्म दुसऱ्याच्या शाळेत शिकावा, हे किती दिवस चालणार?

हाइम सॅम्युएल किहीमकर यांनी हा प्रश्न मनावर घेतला. बेने इस्रायली समाजाचा इतिहास लिहिणारे ते हेच. समाजातल्या शिक्षणप्रसारक मंडळींना सोबत घेऊन १८७५ साली त्यांनी मुंबईत इस्रायली शाळा काढली. हिब्रू आणि इंग्रजी एकाच छपराखाली आलं. १८९२ पर्यंत तिचं हायस्कूल झालं.

पैशाचं काय? समाज बहुतेक पगारदारांचा: सरकारी कचेऱ्यांतले कारकून, रेल्वेतले नोकर, पलटणीतले सुभेदार-हवालदार, सुतार-मिस्त्री. मोठा व्यापारी जवळजवळ नाहीच. फीवर शाळा चालणं शक्य नव्हतं आणि फी वाढवली असती तर ज्यांच्यासाठी शाळा काढली तेच बाहेर राहिले असते. त्यामुळे समाजाची वर्गणी, सरकारी अनुदान आणि लंडनच्या अँग्लो-ज्युईश असोसिएशनची मदत, अशा तीन खांद्यांवर शाळा उभी राहिली. ही असोसिएशन १८७१ साली स्थापन झाली होती. ज्यांनी कोकण कधी पाहिलंच नव्हतं अशा माणसांच्या पैशातून पेणकर-रोहेकरांची मुलं शिकत होती. पुढे १९३०च्या दशकात सर एली कदूरी या बगदादी ज्यू उद्योगपतींची देणगी आली आणि शाळेला त्यांचं नाव मिळालं. मुंबईतल्या बगदादी आणि बेने इस्रायली समाजांत तेव्हा बरोबरीचे संबंध नव्हते, हे ध्यानात घेतलं तर या देणगीचं मोल अधिक कळतं.

गावाकडच्या बापाला फीपेक्षा जड जाई तो मुंबईतला मुक्काम. पेणहून मुंबईला जायचं तर धरमतरच्या खाडीतून बोट. रोह्याला रेल्वे आली ती १९८६ साली. मुंबईत एखादा काका-मामा असला, तर त्याच्या खोलीत पोराची सोय लागणार. हा खर्च कुठल्याच अनुदानाच्या हिशेबात दिसत नाही, तो नातेवाइकांनी उचललेला असतो. समाजानं शिक्षणाचा भार वाटून घेतला असं म्हणताना वर्गणीच्या पावत्या मोजल्या जातात, मामीनं थापलेल्या भाकऱ्या मोजल्या जात नाहीत.

रिबेका रूबेन यांनी १९२२ ते १९५० अशी अठ्ठावीस वर्षं या शाळेचं मुख्याध्यापकपद सांभाळलं. मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला पहिल्या आलेल्या या बाईंना दुसरीकडे काहीही करता आलं असतं. देणग्यांनी शाळा तगली; तिला प्रतिष्ठा मिळाली ती मला वाटतं बाईंमुळे.

१९४८ नंतर कुटुंबं इस्रायलला जाऊ लागली. तेव्हा वीस हजारांच्या आसपास असलेला समाज आता काही हजारांवर आला आहे. माझगावची कदूरी शाळा चालू आहे, पण तिथल्या बाकांवर आज ज्यू मुलं अगदी थोडी, मुस्लिम मुलंच जास्त. काहींना हे वाईट वाटतं. मला वाटत नाही. वर्गणी काढून बांधलेली शाळा ओस पडण्यापेक्षा शेजाऱ्यांच्या पोरांनी भरलेली बरी.

शिक्षणाचा खर्च कुणी उचलायचा, हा प्रश्न मात्र आजही आहे. अमेरिकेत ज्यू शाळांची वर्षाची फी कित्येक हजार डॉलरांत जाते आणि ती सगळ्या समाजानं मिळून पेलावी यासाठी तिथं मोठाले निधी उभारले जातात. आपल्याकडे महाराष्ट्र सरकारनं २०१६ साली ज्यूंना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. त्यामुळे स्वतःच्या शिक्षणसंस्था चालवणं, शिष्यवृत्त्या मिळवणं सोपं झालं. पण पेण-रोह्यात नवी शाळा काढण्याइतकी मुलं आहेत कुठे? असलेल्यांना कॉलेजची फी, मुंबई-पुण्यातल्या राहण्याचा खर्च आणि सुट्टीत हिब्रू शिकवणारं कुणीतरी, एवढं मिळालं तरी पुरे. त्याला इमारत लागत नाही. दरवर्षी न चुकता जमणारी वर्गणी लागते.