बुटाचा सोल आणि 'वापराचा दोष'

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलेला प्रश्न आम्ही आज घेतो. बुटांवर सहा महिन्यांची वॉरंटी, तिसऱ्या महिन्यात सोल निघाला. दुकानदार म्हणाला, "पावसात घातलेत, हा वापराचा दोष." आता सोल कच्च्या चिकटवणीमुळे निघाला की पावसामुळे, हे ठरवायचं कुणी?

मित्रहो, हे भांडण फार जुनं आहे. आपल्या धर्मशास्त्रात 'क्रीतानुशय', म्हणजे विकत घेतल्यावरचा पश्चात्ताप, असा वादाचा स्वतंत्र विषयच आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत वस्तूगणिक पारखण्याची मुदत दिली आहे: बियाण्याला 10 दिवस, लोखंडाला 1, ओझ्याच्या जनावराला 5, रत्नांना 7, दुभत्या जनावराला 3. (त्याच यादीत दास-दासीही आहेत, ते झाकण्यात अर्थ नाही.) नारद मात्र कडक. वापरून मळलेलं, जीर्ण झालेलं वस्त्र सदोष विकलेलं असलं तरी विक्रेत्याकडे परत जात नाही, असं ते सांगतात. आमच्या मते बुटांचा सगळा पेच इथंच आहे. पायात घातल्याशिवाय दोष कळत नाही, आणि घातला की बूट 'वापरलेला' ठरतो!

इंग्लंडात 1603 साली बेझोआर म्हणून शंभर पौंडांना विकलेला दगड खोटा निघाला. न्यायालयाचं म्हणणं असं की नुसतं सांगणं म्हणजे हमी नव्हे. पुढे 1893 चा इंग्रजी कायदा आणि त्यावर बेतलेला आपला 1930 चा मालविक्री कायदा आला. त्याच्या कलम 16 नुसार त्या मालाचा धंदा करणाऱ्यावर, तोंडाने हमी दिली नसली तरी, माल विकण्यायोग्य असल्याची जबाबदारी येते. घेताना तपासून दिसायला हवा होता तेवढा दोष मात्र घेणाऱ्याचा.

सोलमधला दोष असा वरून दिसत नाही. शिवाय पॉलियुरेथेनचा सोल हवेतल्या ओलाव्यानेही विघटित होतो, खोक्यात नुसता पडून राहिला तरी. मुंबईच्या, कोकणच्या दमट हवेत कोऱ्या बुटाचा भुगा होऊ शकतो. तेव्हा 'वापराचा दोष' हे उत्तर सिद्ध करावं लागतं, नुसतं म्हणून चालत नाही.

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात त्यासाठी सोय आहे. तपासणीवाचून दोष ठरत नसेल तर आयोग नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवतो. मात्र तिची फी तक्रारदाराने आधी भरायची, आणि दोन हजारांच्या बुटासाठी तिथंच बरेच जण थांबतात. ज्यांना थांबायचं नाही त्यांनी तोवर सोल चिकटवून घेऊ नये, बूट धुऊ नये आणि बिल जपून ठेवावं.